भिवंडीला आहेत म्हणून सांगू का?

(पत्र तीन पानी होतं. ओळख पटेल असं सगळं काढून, बाईंच्याच शब्दांत थोडक्यात देते.)

"आम्ही सोलापुरात विडी घरकुलात राहतो. घरी तेलुगू बोलतो, मराठीत चुकलं तर सांभाळून घ्या. मिस्टरांचं वय ४७. टॉवेलच्या कारखान्यात २१ वर्षं मागावर होते, शेवटी शेवटी जॉबर, म्हणजे माग बिघडला की नीट करणारे. अडीच वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला. मालकाने उचल वळती करून घेतली, हातावर काही ठेवलं नाही. नंतर वॉचमनचं काम धरलं, पण रात्रभर उभं राहून गुडघा सुजायचा, दीड महिन्यात सुटलं. दुसऱ्या कारखान्यांत गेले तर म्हणाले, तरुण पोरं घेतो. आता घरात कमावतं कोणी नाही. मी विड्या वळते, मुलगी दुकानात बिलिंगला जाते, त्यावर भागवतो. जाऊबाई चारचौघांत म्हणतात, ज्याला करायचं असतं त्याला काम मिळतं. हे आता कुणाच्या कार्याला येत नाहीत. पीत नाहीत, हात उगारत नाहीत, रात्री दार लावून मला पानं कापून देतात, पण दिवसा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. मागे एकदा म्हणाले, मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं. मुलगी २३ ची झाली. चांगलं स्थळ आलंय, पुढच्या रविवारी बघायला येणार. माझा भाऊ भिवंडीला असतो. तो म्हणतो, दाजी माझ्याकडे सुपरवायझर आहेत म्हणून सांग, बाकी मी सांभाळून घेतो. मनाला पटत नाही, पण खरं सांगितलं तर स्थळ जाईल. आणि खोटं का बोलू, मलाही कधी कधी वाटतं, हे आळशीच झालेत. काय करू?"

ताई,

तुमचं मराठी कुठेही चुकलेलं नाही. चुकलाय तो हिशेब. "घरात कमावतं कोणी नाही" असं लिहिलंत आणि पुढच्याच ओळीत दोन कमावत्या बायका मोजून दाखवल्यात, एक तुम्ही आणि एक लेक. पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, कट्टे करायचे, विडी कंपनीच्या ब्रँचवर नेऊन द्यायचे आणि तिथे छाट निघाली, म्हणजे विड्या नापास केल्या, की गिळायचं. एवढं करूनही बाई लिहिते, कमावतं कोणी नाही! तुमच्या वसाहतीतली ती दहा हजार घरं विडी कामगार बायकांसाठीच उभी राहिली. पाहुणे रविवारी ज्या फरशीवर बसणार आहेत, ती विडीची आहे. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. पुढचं सगळं यावर उभं आहे म्हणून सांगतेय. पुरुषाचा पगार तेवढी कमाई आणि बाकीचं "भागवणं", हे एकदा धरून चाललं की ज्या दिवशी पुरुषाचा पगार थांबतो त्या दिवशी चालतं घर आपल्याला बंद पडलेलं दिसायला लागतं.

दुसरी गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात. रात्री दार लावून पानं कापून देतात. पत्र वाचताना मी इथेच थांबले. २१ वर्षं माग चालवलेला माणूस घरात रोज काम करतोय, तेही गुडघा दुखत असताना बसून. पण दार लावून. का, तर विडी हे बायकांचं काम, कुणी बघितलं तर काय म्हणतील. म्हणजे दिवसा काम नाही म्हणून लाज आणि रात्री काम करतो म्हणूनही लाज. अशा कात्रीत सापडलेल्याला आळशी हा शब्द बसत नाही. दुसरा शोधायला लागेल.

मी गिरणीच्या चाळीत वाढले. वडिलांची गिरणी बंद झाली तेव्हा मी सातवीत होते. भाड्याला किंवा उधारीला कोणी आलं की आम्हा पोरांना पढवलेलं होतं, "रातपाळी केलीय, झोपलेत" म्हणून सांगायचं. भोंगा वाजायचा बंद होऊन वर्ष झालं होतं आणि आमच्या घरात रातपाळी चालूच होती. वडील पडद्यामागे जागे असायचे आणि आमचं सगळं ऐकायचे. त्यांनी त्याबद्दल आम्हाला कधी काही म्हटलं नाही. मला मात्र आजही कुणी "काय करतात वडील?" असं विचारलं तर आधी घसा कोरडा पडतो, आणि त्यांना जाऊन बारा वर्षं झाली.

जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. हे शहर ज्यांच्या भोंग्यांवर उठायचं त्या गिरण्या एकामागून एक गेल्या. मग यंत्रमागांनी माणसं सामावून घेतली, आणि आता चादरीला पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटने गाठलंय, विजेचं बिल आहे, आणि नव्या मागांना जुन्याइतकी माणसं लागत नाहीत. हजारो माणसं घरी बसली तेव्हा सगळं सोलापूर एका रात्रीत आळशी झालं असं कुणी म्हणालं नाही. एकेकटा माणूस घरी बसला की मात्र म्हणतात. जाऊबाईंचंही तसंच आहे. त्यांच्या घरातला पगारही कुठल्या तरी कारखान्यावरच असेल ना? "ज्याला करायचं असतं त्याला मिळतं" असं म्हटलं की आपल्यावर ही पाळी येणार नाही अशी खात्री वाटते. त्या तुमच्या नवऱ्यावर बोलत नाहीत, स्वतःची भीती झाकतात. बोलणं लागतंच, ते मी नाकारत नाही.

त्यातही गंमत बघा. जुळे सोलापूरसारख्या सुखवस्तू भागात इंजिनिअर झालेला मुलगा तीन वर्षं घरी असला तर तो "एमपीएससी करतोय" किंवा "ब्रेक घेतलाय". विडी घरकुलात पुरुष भरदुपारी घरात दिसला तर तो रिकामटेकडा, उद्या काही चोरीला गेलं तर पहिला संशय त्याच्यावर. आपल्या शहराला हा शिक्का नवा नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, इथे त्यांना तारेच्या कुंपणात ठेवून गिरण्यांत कामाला पाठवलं. तो कायदा १९५२ साली गेला. त्या कुंपणातल्या वस्तीचा "सेटलमेंट" हा शब्द अजून रिक्षावाल्याच्या तोंडात आहे.

आता भिंतीकडे तोंड करून पडण्याबद्दल. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियात, व्हिएन्नापासून जवळ, मारियंटाल नावाच्या गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा ही संशोधक बाई आणि तिचे सोबती तिथे गेले आणि लोक दिवसभर काय करतात ते त्यांनी बारकाईने टिपलं. एवढा मोकळा वेळ मिळाल्यावर माणसं काहीतरी करतील असं आपल्याला वाटतं. तिथे वाचनालयातून पुस्तकं नेणंसुद्धा कमी झालं. रस्त्यात घड्याळ धरून पाहिलं तर पुरुष सावकाश चालत, मधेच थांबत. बायका मात्र लगबगीने जात, कारण घरचं काम कुणाचं सुटलं नव्हतं. सकाळपासून काय केलं ते लिहून द्या म्हटल्यावर एकाने लिहिलं होतं, एवढ्यात दुपार होते. तुमच्या घरातली दुपार तीच आहे, ताई. तुमचा दिवस विड्यांच्या हजाराने बांधलेला आहे, त्यांचा कशानेच नाही. आळशी माणूस काम टाळून खुशीत असतो. तुमच्या पत्रातला माणूस खुशीत दिसत नाही.

आणि म्हणून रविवारच्याही आधी एक काम. "मी नसतो तर बरं झालं असतं" हे वाक्य तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. तसं पुढे जाऊ नका. आज रात्री पानं कापताना, हात चालू असतानाच विचारा: "त्या दिवशी तसं म्हणालात, जीव द्यायचा विचार येतो का मनात?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी ऐकलं एवढ्यानेही माणूस मोकळा होतो. हो म्हणाले तर एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. "वेड्याचा डॉक्टर" म्हणून नको म्हणतील. म्हणावं, गुडघा दाखवायला जाऊ आणि त्याच फेरीत झोप लागत नाही तेही दाखवू. गुडघा तर दाखवायलाच हवा.

आता भिवंडी.

भावाची माया मला कळते. बहिणीची अब्रू राखायला निघालाय तो. पण या खोट्याचा खर्च त्याने मोजलेला नाही. ज्या दिवशी "भिवंडीला आहेत" असं सांगाल, त्या दिवसापासून यांना अशोक चौकात दिसायची बंदी. भाजी आणायला जायचं नाही, दवाखान्यात जायचं नाही, सणाला आठ दिवसांची सुट्टी घेऊन आल्याचं नाटक करायचं. आत्ता स्वतःहून लपतात, मग तुमच्या शब्दाखातर लपावं लागेल. आणि लपणार किती? सोलापूर, भिवंडी, सुरत, तुमच्या समाजाची निम्मी नाती याच तीन गावांत. चौकशी करायला मुलाकडच्यांना एक फोन पुरतो. नाहीतर जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत कुणीतरी भेटेल आणि म्हणेल, "काय बे, तू तर इथंच आहेस की!" त्या वेळी लग्न झालेलं असेल आणि टोमणे पोरीला ऐकावे लागतील. ज्याचा बाप बेकार, ते एकवेळ लोक विसरतात. ज्यांनी फसवलं, ते सासरी वीस वर्षं निघतं.

पण मला याहून मोठा तोटा दिसतो तो वेगळाच. आपल्याकडे मागावरचं काम जाहिरात बघून मिळतं का? चहाच्या गाड्यावर मिळतं. "अमक्याकडे जॉबर पाहिजे, तुझ्या माहितीत कोण आहे का?" असं कुणीतरी विचारतं आणि कुणीतरी नाव घेतं. अडीच वर्षं तुमच्या मिस्टरांचं नाव त्या गाड्यावर निघालेलंच नसणार, कारण ते कुणाला दिसत नाहीत. त्यात भिवंडीची भर पडली तर कुणी आठवण काढली तरी दुसरा म्हणेल, तो तर तिकडं सुपरवायझर आहे. अब्रू झाकायला घातलेलं पांघरूण कामालाही आत येऊ देत नाही.

मधला रस्ता आहे, "कापडात आहेत" एवढंच मोघम सांगायचं. पुष्कळजण तो घेतात आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण बघायला येणारे लोक मोघम ऐकून थांबत नाहीत. "कुठल्या कारखान्यात?" हा पुढचा प्रश्न ठरलेला आहे.

माझं मत विचाराल तर खरं सांगा, पण सांगण्याची रीत सांभाळा. पाहुणे बसल्यावर, पोह्यांच्या बशा हातात असताना नको. ज्यांनी स्थळ आणलं त्या मध्यस्थामार्फत दोन दिवस आधी निरोप जाऊ द्या. आणि रविवारी विषय निघालाच तर तुम्ही उत्तर देऊ नका, ते त्यांनी स्वतः द्यावं. वाक्य आधी ठरवून ठेवा, नाहीतर ऐनवेळी मान खाली जाते. असं काहीतरी: "२१ वर्षं टॉवेलच्या मागावर होतो, जॉबर होतो. कारखाना बंद पडला. सध्या कायम काम नाही, शोधतोय. घर हिच्या विडीवर आणि पोरीच्या पगारावर चाललंय, मी हिला हातभार लावतो." यात रडगाणं नाही, माफी नाही. घरात दोन-चारदा मोठ्याने म्हणायला लावा. पहिल्यांदा आवाज फुटणार नाही, बघा.

स्थळ जाईल का? जाऊ शकतं. मी इथे बसून तुम्हाला खोटा धीर देणार नाही. काही घरं बापाची नोकरी बघतात आणि त्यामागे खरं तर लग्नात किती देतील ते बघतात. असं घर असेल तर तुम्हाला ते लग्नाआधी कळेल, तेही बिनखर्चात. आणि खर्चाचं निघालंच आहे तर, लग्नासाठी आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज काढू नका. बचत गटाच्या नावाखाली दारात येणाऱ्या फायनान्सवाल्यांचं तर नकोच. समाजाचे सामुदायिक विवाह होतात, नाहीतर नोंदणी करून घरगुती जेवण. मुलाकडचे त्याला तयार नसतील तर तीही माहितीच.

पैशाचा विषय मी तुमच्यासारख्या इतरांसाठीही जरा सविस्तर लिहिते, कारण "मालकाने हातावर काही ठेवलं नाही" हे वाक्य मला महिन्यातून दोनदा तरी पत्रांत भेटतं. एका ठिकाणी सलग पाच वर्षं काम झालं आणि तिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की ग्रॅच्युइटी हा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नाही. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. मीटरवर किंवा नगावर मजुरी होती म्हणून मिळत नाही असं सांगतात, ते खोटं आहे. तशा कामाला शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी धरतात. समजा ती महिन्याला १२,००० निघाली, तर त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग २१ वर्षांनी गुणायचं. सुमारे १,४५,००० होतात. उचल किती होती, किती फिटली, याचा हिशेब लेखी मागायचा. कारखाना बंद केल्याची भरपाई हा आणखी वेगळा मुद्दा, तोही विचारून घ्या.

पुरावा काय, तर पगाराची जुनी पाकिटं, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, हजेरीचं कार्ड, बँकेत कधी पगार आला असेल तर पासबुक, आणि सोबत काम केलेली चार माणसं. यांतलं एखादं तरी पत्र्याच्या पेटीत सापडतंच. ते घेऊन सहाय्यक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायचं आणि अर्ज कुठे द्यायचा ते विचारून घ्यायचं. उशीर झालाय म्हणून घरी बसू नका, उशिराचं कारण लिहून अर्ज करता येतो. वकिलाला पैसे नकोत. न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे औद्योगिक कामगाराला आणि कुठल्याही बाईला मोफत वकील मिळतो. फोन करायचा तर १५१००. एकट्याने जाण्यापेक्षा त्या कारखान्यातले जुने सोबती गोळा करून जा. एकट्या माणसाला उद्या या म्हणतात, दहाजणांना खुर्ची देतात. मात्र या पैशाच्या भरवशावर लग्नाची तारीख धरू नका, अशा कामांना वर्षं लागतात.

तुमच्या स्वतःच्या विडी कामगार कार्डावरही काही आहे. विडी कामगारांच्या शिकणाऱ्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मिळते. धाकटं कोणी शिकत असेल तर अर्ज केलाय का ते बघा. आणि "पंतप्रधान विश्वकर्मात मागवाल्यांना पैसे मिळतात, पाचशे द्या, फॉर्म भरतो" म्हणणारा एजंट दारात आला तर हाकलून द्या. त्या योजनेत अठरा धंदे आहेत, शिंपी आहे, न्हावी आहे, गवंडी आहे, माग चालवणारा नाही. नोकरीच्या आधी युनिफॉर्मचे, डिपॉझिटचे पैसे मागणाऱ्यांनाही तोच न्याय.

काम कुठे शोधायचं? मला वाटतं, आत्तापर्यंत त्यांनी माग शोधला आणि माग मिळाला नाही, मग थेट वॉचमन. या दोन्हींच्या मध्ये बरंच काही आहे. जॉबरचा हात म्हणजे निम्मा मेकॅनिकचा हात. मशीनच्या आवाजावरून कुठे बिघडलंय ते सांगणारा कान त्यांच्याकडे आहे. आपल्याकडे शाळेचे युनिफॉर्म शिवणारे कारखाने बरेच झालेत. तिथे शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली महिना-दोन महिने कमी पैशांत राहायची तयारी ठेवली तर रस्ता निघू शकतो. बसून करण्यासारखं काम आहे, गुडघ्यालाही बरं. त्यांनी स्वतः शिकवलेली पोरं आज कुठे कुठे कामाला आहेत, त्यांच्या नावांची यादी करायला सांगा. दहा नावं. रोज एकाला भेटायचं, "काम आहे का?" विचारायचं नाही, "मी मोकळा आहे, कानावर असू दे" एवढंच सांगायचं. दिवसाला एक माणूस. याने काम लगेच मिळेल असं नाही, पण सकाळी अंघोळ करून शर्ट घालायला कारण मिळेल.

सरकारी मोजणीत आठवड्यात एक तास जरी मजुरी केली तरी माणूस रोजगारात धरतात, बरं का. घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावला तरी धरतात. म्हणजे तुमचे मिस्टर रात्री पानं कापतात त्या हिशेबाने सरकारदप्तरी बेकार नसतीलही. सरकारला ते कामावर वाटतात आणि जाऊबाईंना आळशी. दोघांनीही घरी येऊन बघितलेलं नाही.

भावाला कळवा, रागावू नका त्याच्यावर. म्हणावं, सुपरवायझर म्हणून सांगायचं असेल तर खरंच एक काम बघ तिकडे, मग सांगू.

शेवटचं विचारायचं राहिलं. तीन पानांत लेकीबद्दल सगळ्या मिळून दोन ओळी आहेत, वय आणि बिलिंगचं काम. तिला भिवंडीचं सांगितलंय का? लग्नानंतर हे खोटं रोज तिलाच सांभाळायचंय, सासूच्या प्रत्येक "बाबा कसे आहेत?" ला तिलाच उत्तर द्यायचंय. रविवारला अजून वेळ आहे. दुकानातून आली की तिला जेवायला वाढा, मिस्टरांनाही तिथेच बसवा, आणि तिला विचारा.